'ट' नळीतला नर

मी एक जुनी मोजणीची काच आहे. मित्रांनो, खिडकीची काच, चष्म्याची काच किंवा आरसा यांच्याशी माझं फारसं नातं नाही. मी बोटभर लांब, जाडजूड आणि मधे खाच असलेली आहे. खाचेच्या दोन्ही बाजूंना माझ्या अंगावर इतक्या बारीक रेघा आहेत, की नुसत्या डोळ्यांना तिथे थोडं धुकं बसल्यासारखं दिसतं. सूक्ष्मदर्शकाखाली धरलं की मात्र गणिताच्या वहीसारखी आखीव घरं दिसू लागतात. माझ्यावर एक पातळ झाकणकाच ठेवतात, तिच्या कडेला थेंब सोडतात, आणि तो थेंब आपण होऊन आत शिरून घराघरांत पसरतो. मग माणूस डोळा लावून कुठल्या घरात किती पेशी आहेत ते मोजतो. मोजायचं माणसानं, मी फक्त रेघा पुरवायच्या.

सध्या मी संशोधन संस्थेच्या व्हरांड्यात, कुलूप लावलेल्या कपाटात, निळ्या मखमलीवर पडून असते. समोरच्या पाटीवर माझं कौतुक लिहिलं आहे. शाळेची मुलं रांगेनं येतात, पाटी वाचतात आणि पुढे जातात. एखादंच पोर थांबून विचारतं, "ही तर चांगली धड आहे, मग वापरत का नाहीत?" त्या पोराच्या तोंडावरून हात फिरवावासा वाटतो, पण काचेला हात कुठले? बाकीच्या कौतुकाचा मला वीट आला आहे. का ते सांगते.

माझा जन्म कारखान्यातला. भट्टीचं काही आठवत नाही. आठवते ती रेघा ओढणारी सुई आणि तिच्याशेजारी बसलेली एक तापट तपासनीस बाई. ती प्रत्येक काच दिव्यासमोर धरायची आणि एखादी रेघ जरा जरी हललेली दिसली तर काच टोपलीत फेकायची. माझ्या बरोबरीच्या कितीतरी जणी तशा गेल्या. मला तिनं उलटून पालटून पाहिलं आणि म्हणाली, "ही खोटं सांगणार नाही." फेकली नाही हेच माझं पहिलं कौतुक, आणि मी ते फार मनावर घेतलं. खोटं न सांगणं निराळं आणि खरं सांगता येणं निराळं, हे तेव्हा मला कुठे ठाऊक होतं.

कारखान्यातून मी एका दवाखान्याच्या तळमजल्यावर गेले. तिथला रक्त तपासणारा माणूस तोंडानं फटकळ आणि हातानं हळुवार होता. नवीन कुणी शिकायला आलं की तो आधी एक नियम सांगायचा. "घराच्या आत असेल ते मोजायचं. रेघेवर बसलं असेल, तर वरच्या आणि डाव्या रेघेवरचं धरायचं, खालच्या आणि उजव्या रेघेवरचं सोडून द्यायचं. नाहीतर एकच पेशी दोन घरांत धरली जाते." नियम बरोबर आहे, माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण मित्रांनो, तो लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

तिथे मी रक्त पाहिलं, आणि अधूनमधून पुरुषांचं वीर्यही पाहिलं. अधूनमधून म्हणते, कारण ज्या घरात पाळणा हलत नसे तिथली बाई आधी यायची. तिच्या सगळ्या तपासण्या व्हायच्या, तिला नाही नाही ती औषधं गिळावी लागायची, आणि सगळे उपाय थकले की मग कुठे नवरा उगवायचा. तोही असा, जणू दवाखान्यात चुकून शिरला आहे. असाच एक ठेकेदार आला होता. त्याच्या थेंबात माझी घरं ओस पडलेली होती. तपासणाऱ्यानं विचारलं, "साहेब, मिसेसना आत बोलावू का? दोघांना एकदमच सांगतो."

"नको, नको. तिला सांगा, नमुना सांडला."

तपासणाऱ्यानं खांदे उडवले आणि तसंच सांगितलं. बाहेरच्या बाकावर बसलेली ती बाई म्हणाली, "जाऊ दे, माझ्याच गोळ्या वाढवून द्या." मी तेव्हा नवी होते. मला वाटलं, हा एकटाच असा असेल.

एक गोष्ट मात्र त्या दिवसांत माझ्या पक्क्या ओळखीची झाली. माणसाचा शुक्रजंतू. त्याचं डोकं तिळासारखं, गुळगुळीत आणि लंबगोल असतं. एकदा पाहिलं की विसरत नाही.

पुढे दवाखान्यात मोजणीचं यंत्र आलं आणि मी अडगळीत पडले. एका डब्यात, फुटक्या नळ्यांच्या संगतीत, माझ्यावर धुळीचा थर चढला. तो डबाच कुणीतरी या संशोधन संस्थेला देऊन टाकला. इथे मला धुतलं, पुसलं, आणि उंदरांच्या कामाला लावलं.

उंदीर काळेभोर, तुकतुकीत आणि फार गोजिरवाणे होते. त्यांच्या एका घराण्यात जनुकाचा बिघाड जन्मतःच आलेला होता. त्या घराण्यातले नर खायचे, प्यायचे, मादीमागे धावायचे, कशातच कमी नव्हते. फक्त त्यांना पिल्लं होत नसत. पिंजऱ्यांची देखभाल करणारे काका फार जुने होते आणि त्यांची एक सवय होती. पिंजऱ्यात पिल्लं दिसली नाहीत की ते मादी बदलायचे. नवी मादी आणायची, वाट बघायची, नाही झालं की पुन्हा नवी. नराला हात लावायचा नाही. "नर चांगला ठणठणीत आहे की," असं ते म्हणायचे. काढून टाकलेल्या माद्यांच्या पिंजऱ्यावर त्यांनी 'वांझ' अशी चिठ्ठी लावलेली असायची. त्यांतल्या बहुतेक मारल्या जायच्या.

एकदा पलीकडच्या खोलीत माद्या कमी पडल्या म्हणून काकांनी त्यातल्या थोड्या तिकडे देऊन टाकल्या. महिनाभरात तिकडचा माणूस हसत आला. "काका, तुमच्या वांझ माद्यांनी आमचे पिंजरे भरून टाकले."

ते आमच्या सरांनी ऐकलं. सर म्हणजे या प्रयोगशाळेचे प्रमुख. उंच, नीटनेटके, हळू बोलणारे. शर्टाच्या खिशात कायम इस्त्री केलेला रुमाल. त्यांनी काकांची सवय बंद करून नर तपासायला घेतले. नरांच्या वृषणांचे पातळ काप काढले, आणि कारण सापडलं. वृषणात बारीक नळ्यांची वेटोळी असतात. निरोगी नराच्या नळीत पेशी भिंतीला लागून थरांनी उभ्या असतात आणि पिकत पिकत मधल्या पोकळीकडे सरकतात. या नरांच्या पेशी अर्ध्या वाटेतच सुकायच्या आणि पोपडे पडावेत तशा भिंतीवरून गळायच्या. वय वाढेल तशी भिंत उघडी पडत जायची. त्या नरांचे थेंब माझ्यावर यायचे आणि घरं रिकामी निघायची.

या कामानं सरांचं नाव झालं. ते भाषणाला उभे राहिले की काकांच्या चिठ्ठ्यांची गोष्ट हमखास सांगायचे. सभागृहात हशा पिकायचा, आणि मग ते आवाज खाली आणून म्हणायचे, "दोष कुणाचा हे ठरवण्याआधी मोजावं लागतं. आपण मोजत नाही, आपण मादी बदलतो." टाळ्या पडायच्या. काका मागच्या रांगेत कान लाल करून बसायचे. मलाही सरांचा फार अभिमान होता, खोटं कशाला सांगू?

आता बाईंबद्दल. बाई म्हणजे सरांची बायको. त्या एका शाळेत चित्रकला शिकवायच्या, म्हणून प्रयोगशाळेतही सगळे त्यांना बाईच म्हणत. शाळा सुटली की त्या आमच्याकडे यायच्या आणि सरांच्या लेखांसाठी आकृत्या काढायच्या. सूक्ष्मदर्शकाला एक डोळा आणि कागदावर दुसरा, आणि पेन्सिल इतकी टोकदार की बघणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. भिंतीवरून गळणाऱ्या पेशी त्यांनी काढल्या. उंदराचा शुक्रजंतू तर त्यांनी इतक्या वेळा काढला, की तो त्यांच्या हातात बसला होता. मित्रांनो, उंदराच्या शुक्रजंतूच्या डोक्याला पोपटासारखी वाकडी चोच असते. बाई गमतीनं म्हणायच्या, "माझा पोपटांचा वर्ग."

बाईंची आणि आमच्या मोजणीवालीची गट्टी होती. मोजणीवाली म्हणजे माझ्यावर रोज काम करणारी साहाय्यक, दोन मुलांची आई, बोलायला मोकळी. तिनं बाईंना मोजायलाही शिकवलं होतं. चहा पिताना त्या दोघींचं जे बोलणं व्हायचं त्यावरूनच मला कळलं, की बाईंच्या लग्नाला बरीच वर्षं झाली आहेत, मूल नाही, आणि त्यासाठी बाईंचं पोट एकदा उघडून झालं आहे.

"आणि सरांची तपासणी?" मोजणीवालीनं एकदा विचारलं.

"झाली म्हणतात. सगळं व्यवस्थित आहे म्हणतात."

"रिपोर्ट बघितला का तुम्ही?"

"अगं, ते यातलेच. त्यांच्याकडे मी काय रिपोर्ट मागू?" बाई हसल्या. "सासूबाई तर उठता बसता म्हणतात, आमच्या घरात असला त्रास कुणालाच नव्हता. मी म्हटलं, एखादं मूल दत्तक घेऊ. तर हे म्हणाले, घाई कशाला, तुझी ट्रीटमेंट पूर्ण होऊ दे."

दुसरं ऑपरेशन ठरलं त्या सुमारास एका सुट्टीच्या दिवशी सर एकटेच आले. दार आतून लावलं. कपाटातून मला काढलं आणि माझ्यावर एक थेंब सोडला. तो थेंब आत शिरताच मी दचकले. हा उंदराचा नव्हता. सरांनी डोळा लावला. मित्रांनो, भिंगातून माणसाचा डोळा खालच्या काचेला कसा दिसतो ते तुम्हाला सांगता येणार नाही. त्यात लपवायला जागा नसते. सरांनी सगळी घरं पाहिली. पुन्हा पाहिली. मग थेंब बदलून पुन्हा. माझी घरं ओस होती. सर तिथेच कपाळाला हात लावून बसून राहिले, आणि मला त्यांची मनापासून दया आली. मग त्यांनी खिशातला रुमाल काढला, मला पुसलं आणि जागेवर ठेवलं.

मला वाटलं, आता ते ऑपरेशन थांबेल. थांबलं नाही. बाई महिनाभर आल्या नाहीत. आल्या तेव्हा स्टुलावर बसताना पोटाशी हात धरून बसायच्या. सरांनी त्यांच्यासाठी पाठीला उशी आणून दिली. ती उशी पाहून माझा इतका संताप झाला, की मला वाटलं मी तडकणार. पण असं रागानं काचा तडकत नाहीत.

पुढे तिसऱ्या ऑपरेशनची गोष्ट निघाली. डॉक्टर म्हणाले होते, शेवटचा प्रयत्न. यात धोका जास्त आहे, आतून आधीच खूप चिकटलं आहे. सोमवार ठरला.

आमच्या प्रयोगशाळेत एक शिस्त होती. मोजणाऱ्याला नळीत कुणाचा थेंब आहे ते सांगायचं नाही. सर स्वतः नळ्यांवर नुसती अक्षरं घालायचे, क, ख, ग, आणि कुठलं अक्षर कुठल्या उंदराचं ते स्वतःजवळ ठेवायचे. कारण माहीत असलं की डोळा लबाडी करतो, जे हवं ते बघतो. ही शिस्त सरांच्या हाडीमांसी भिनली होती. म्हणूनच तर तो प्रकार घडला. त्या सोमवारच्या आधी सरांनी उंदरांच्या नळ्यांबरोबर आणखी एक नळी ठेवली. तिच्यावर 'ट' लिहिलं. सगळ्या नळ्यांत फॉर्मालिन घातलेलं, म्हणजे आतले जीव हलणारे नव्हते. थेंब कुणाचा ते सांगून दुसऱ्या कुणाला दाखवायची सोय नव्हती, आणि स्वतःच्या मोजणीवर विश्वास ठेवायची छाती नव्हती. मोजणारी नुसते आकडे लिहिते, डोक्यांचे आकार पाहत बसत नाही. कुणी तिऱ्हाईतानं काही माहीत नसताना मोजावं, आणि त्याला काहीतरी सापडावं, एवढीच त्यांची आशा असणार. दुसरा कुणी असता तर सरळ दवाखान्यात गेला असता. आमचे सर शास्त्रज्ञ, त्यांनी स्वतःला उंदरांच्या रांगेत बसवलं. आणि खरं सांगू, त्या दिवशीही मला वाटलं होतं, की हे कळलं की हा माणूस बोलेल.

मोजायचं होतं मोजणीवालीनं. पण तिच्या धाकट्याला ताप भरला. तिनं सरांना फोन लावला, सर बैठकीत होते आणि फोन बंद. तेव्हा तिनं बाईंना फोन केला. "नळ्या आजच मोजायला हव्यात हो. तुम्हाला येतंच सगळं. बसाल का?"

बाई बसल्या. क, ख, ग करत पुढे जात राहिल्या. कुठे पोपटांची दाटी, कुठे तुरळक, कुठे काहीच नाही. मग 'ट' आली. थेंब माझ्यात शिरला आणि मी ओळखलं. बाईंनी घरं पाहायला सुरुवात केली. रिकामं, रिकामं, रिकामं. त्या शांत होत्या, असे नर त्यांनी कितीतरी पाहिले होते. शेवटच्या घरापाशी त्या थांबल्या.

तिथे एक होता. खालच्या रेघेवर आडवा पडलेला. नियमानं तो सोडून द्यायचा होता. मोजणीवालीनं सोडलाच असता, तिची काही चूक नव्हती. पण बाई मोजायला शिकल्या होत्या तरी हात चित्रकाराचा. जे दिसतं ते त्या सोडत नसत. त्यांनी भिंग आणखी जवळ आणलं आणि त्याचं डोकं पाहिलं. चोच नव्हती. तिळासारखं, गुळगुळीत, लंबगोल.

बाईंनी डोळा बाजूला केला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. मग त्या तशाच बसून राहिल्या. त्यांच्या शेजारी त्यांचीच आकृती पडली होती, तिच्यात ओळीनं सगळे चोचवाले.

सर आले तेव्हा त्यांनी आधी रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. "मोजणीवाली कुठे गेली?"

"तिच्या मुलाला ताप आहे. तुमचा फोन लागत नव्हता. मी मोजलं."

"तू?"

"हो. सगळ्या नळ्या झाल्या. एकच विचारायचं होतं. 'ट' कोणता नर?"

"असं विचारायचं नसतं. तुला माहीत आहे."

"मोजायच्या आधी विचारायचं नसतं. आता मोजून झालंय."

सर टेबलाजवळ आले. "म्हातारा आहे एक. जुन्या पिंजऱ्यातला."

"त्याची सगळी घरं रिकामी आहेत."

"मग बरोबर आहे. या घराण्यातले असेच."

"पण कडेला एक सापडला. त्याला चोच नाही."

सरांनी वाकून माझ्यात पाहिलं. तोच डोळा मी दुसऱ्यांदा पाहत होते. तो त्या एकट्यावर बराच वेळ टेकून राहिला. मग सर सरळ झाले आणि म्हणाले, "हा खालच्या रेघेवर आहे. हा धरत नाहीत."

"मी मोजत नाहीये. हा कुणाचा, ते विचारतेय."

सरांनी टेबलावरच्या नळ्या सरळ रांगेत लावल्या.

"तुम्हाला कधीपासून माहीत आहे? दुसऱ्या ऑपरेशनच्या आधी माहीत होतं?"

"एकदा मोजलं होतं. एका मोजणीवरून काही ठरवता येत नाही."

"माझं पोट उघडायचं मात्र ठरवता आलं."

सर खुर्चीवर बसले. मी वाट पाहत होते. मित्रांनो, इतकी वाट मी कधीच कशाची पाहिली नव्हती. त्यांनी नुसतं 'माझं चुकलं' म्हटलं असतं तरी मी या मखमलीवर सुखानं पडून राहिले असते. ते म्हणाले, "आईला सांगू नकोस."

बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं त्या एखाद्या न ओळखीच्या वस्तूचं चित्र काढण्याआधी पाहायच्या. "बरं," त्या म्हणाल्या, "मग तुम्ही सांगा. उद्याच. माझ्यासमोर."

"आधी परत मोजायला हवं. तू काही शिकलेली टेक्निशियन नाहीस. एखादा कण असेल, धूळ असेल. असल्या वेळी डोळ्यांना काहीही दिसतं."

"मोजा ना. काच इथेच आहे. नळीत अजून आहे."

सरांनी मला उचललं. मला वाटलं मोजणार. त्यांनी नळ सोडला, मला धारेखाली धरलं, मग 'ट' नळी उपडी केली. खिशातून रुमाल काढला आणि मला पुसलं. खाच पुसली, रेघा पुसल्या, कडा पुसल्या. इतकी स्वच्छ मी कारखान्यातून निघालेल्या दिवशीसुद्धा नसेन. बाई ते उभ्यानं पाहत होत्या. मग त्यांनी पेन्सिली एकेक करून डबीत भरल्या.

"सोमवारी मी दवाखान्यात जाणार नाही," एवढंच म्हणून त्या गेल्या. त्यानंतर त्या इथे आल्या नाहीत.

पुढचं मोजणीवाली काकांना सांगत होती तेव्हा ऐकलं. बाईंनी सासूबाईंना सगळं सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "जन्म गेला त्याचा यात. त्याला उंदराचं आणि माणसाचं कळत नाही, आणि तुला कळतं होय?" सर तिथेच होते. त्यांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. नंतर नातेवाइकांना ते सांगू लागले, की ट्रीटमेंटच्या औषधांनी तिच्या मनावर परिणाम झाला आहे, बिचारीचा दोष नाही. लोक म्हणाले, किती समजूतदार नवरा. बाई आपली डबी आणि कपडे घेऊन बहिणीकडे गेल्या आणि तिकडच्या शाळेत लागल्या. ऑपरेशन झालं नाही, एवढं एकच बरं झालं.

"मी त्या दिवशी रजा घ्यायला नको होती," मोजणीवाली म्हणाली.

काकांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "घेतलीस ते बरं केलंस. तू असतीस तर तो सोडूनच दिला असतास."

यानंतर थोड्याच दिवसांत सरांनी नवीन मोजणीयंत्र मागवलं आणि मला मानानं निवृत्त केलं. मानानं म्हणजे या कपाटात. पाटीवर लिहिलं आहे, की नराच्या वंध्यत्वाचा शोध लागला तो याच काचेवर. माझ्या मागे भिंतीवर बाईंच्या आकृत्या चौकटीत लावल्या आहेत. गळणाऱ्या पेशी, ओळीनं पोपट. खाली कुणाचं नाव नाही.

परवा संस्था सगळ्यांना बघायला खुली होती. सभागृहात सरांचं भाषण झालं. मी व्हरांड्यात होते, पण आवाज येत होता. काकांच्या चिठ्ठ्यांची गोष्ट झाली, हशा झाला, मग आवाज खाली आला. "आपण मोजत नाही, आपण मादी बदलतो." टाळ्या नेहमीपेक्षा जास्त पडल्या. काका या वेळी मागच्या रांगेत बसले नव्हते. ते व्हरांड्यात माझ्या कपाटापाशी उभे होते, आणि टाळ्या सुरू झाल्या तशी ते पिंजऱ्यांकडे निघून गेले.

भाषणानंतर सासूबाई शेजारच्या एका बाईंना घेऊन माझ्यासमोर आल्या. चष्मा वर करून त्यांनी पाटी वाचली. "ही बघा, माझ्या मुलाची काच. यावरूनच त्यानं शोध लावला."

"सून दिसत नाही?" शेजारीणबाईंनी विचारलं.

"ती गेली सोडून. मूल नव्हतं ना. तिच्यातच दोष होता, काय करणार? दोनदा ऑपरेशन केलं, पाण्यासारखा पैसा घातला, तिसऱ्याला ती तयारच होईना." त्यांनी उसासा टाकला. "आता दुसरी एक मुलगी बघितली आहे. वयानं लहान आहे, तब्येत चांगली आहे."

सर त्यांच्या मागेच उभे होते. त्यांनी ते ऐकलं. त्यांची नजर माझ्यावर आली आणि तिथेच थांबली. मी त्यांच्याकडे पाहत होते, दुसरं मला येतं तरी काय? मला वाटलं, आता. आता तरी. सरांनी खिशातून रुमाल काढला, पुढे वाकले, आणि कपाटाच्या काचेवर सासूबाईंच्या बोटाचा डाग पडला होता तो पुसून काढला. मग आईच्या खांद्याला हात लावून म्हणाले, "चल, चहा थंड होतोय."

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तू आपली गोष्ट संपवताना म्हणतात, की आम्हाला जपा, धूळ बसू देऊ नका. मला त्याची गरज नाही. माझं फार चांगलं चाललं आहे. मखमल आहे, कुलूप आहे, दर आठवड्याला माणूस येऊन पुसून जातो. जपायची गरज ज्यांना होती त्या बाई बहिणीच्या घरी, पोटावर दोन वण घेऊन, मुलांना पोपट काढायला शिकवत असतील. आणि कुठल्याशा घरात एक मुलगी आहे, वयानं लहान, तब्येतीनं चांगली, जिला अजून काही माहीत नाही.

तुमच्यातलं कुणीतरी मोठं होऊन माझ्यासारख्या काचेला डोळा लावेल. जे दिसेल ते मोठ्यानं सांगा, ज्याचं आहे त्याच्या नावानं. रेघेवरचं असलं तरी सांगा. सांगून झालं की मग खुशाल पुसा. आणि ज्या दिवशी थेंब तुमचाच असेल, त्या दिवशी रुमाल खिशातच राहू द्या.